झाकला वाटा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. कोणती वेलांटी पहिली आणि कोणती दुसरी हे मला कधीच नीट कळलं नाही. अक्षर तर असं की माझी पोरगी म्हणते, "आई, हे तू लिवलं का वहीवरून कोंबडी चालून गेली?" मी चौथीपर्यंत शिकले. नंतर हातात जाळं विणायची सुई आली, ती आजपर्यंत सुटली नाही. म्हणून ही वही कोणी उघडलीच तर चुका पोटात घालाव्या. न उघडली तर जास्त बरं.

लिहायला बसले त्याला कारण झालं. मागच्या महिन्यात भंडाऱ्याहून दोघं जण कॅमेरा घेऊन आले होते, भागरताकाकीची माहिती घ्यायला. काकी गेल्या पावसाळ्यात वारली. न शिकलेल्या बाईने मोबाईलशी बोलून संस्थेचं ॲप बनवलं, ते कसं, हे त्यांना पाहिजे होतं. आमच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष शालिकभाऊ कॅमेऱ्यासमोर म्हणाले की ती फार शांत, सोशिक बाई होती. मी दारामागे उभी होते. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. भागरताकाकी आणि शांत! तिने तलावाच्या या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली की त्या पाळीवरचे बगळे उडायचे. पण कॅमेऱ्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं. तलावाच्या खाली धानाची शेतं, वर आमची मासेमारांची घरं. काकीचं घर माझ्या घराला लागून, मध्ये कुडाची भिंत. तिचा नवरा, नामदेवकाका, तलावात जाळं टाकायचे आणि काकी मोहाडीच्या बाजारात मासोळी विकायची. काका फारसं बोलत नसत. दोघांचं बोलणं काकीच बोलून घ्यायची. तिच्या चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथे माझ्याकडचा जाळ्याचा निळा दोरा बांधून ती चष्मा कानाला अडकवायची. मोबाईल कायम प्लास्टिकच्या पन्नीत, कारण हात ओले. पन्नीवरूनच बोट फिरवायची आणि पन्नीतूनच बोलायची, तेही असं की पलीकडच्या माणसाला मोबाईलची गरज पडू नये.

बाजारात गिऱ्हाईक भावावरून वाद घालायला लागलं की म्हणायची, "बाबू, मच्छीचं डोकं मी फुकट देते. माह्यं डोकं खाशीन तं त्याचे अलग पैसे लागन." माफी मागणं तिला ठाऊकच नव्हतं. एकदा तिची मासोळीची पाटी कोणाच्या तरी पायावर पडली, तर त्यालाच म्हणाली, "पाय काहून मंधात ठेवला?" हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे लागेल.

आता आमच्या वाट्याची रीत सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. तलाव संस्थेच्या ठेक्यावर आहे. पावसाळ्यात मासोळीचं बीज सोडायचं, थंडी सरली की मासेमारी सुरू. माणसाचा एक वाटा, जाळ्याचा अर्धा, डोंग्याचा, म्हणजे नावेचा, अर्धा. पूर्वी पाळीवर पळसाची पानं अंथरून मासोळीचे ढीग लावायचे. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एकेका ढिगाला काडी लावून विचारायचा, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घ्यायचा. आपल्या माणसाला चांगला ढीग दिला, असं कोणी म्हणायला नको म्हणून.

पण हे सुरू व्हायच्या आधी काही ढीग पाण्याच्या बाजूला सरकवून त्यांच्यावर पान झाकायचे. ते कोणाचे, हे कोणी विचारत नसे. पाठमोरा माणूसही त्यांचं नाव घेत नसे. ज्या घरचा जाळं टाकणारा राहिला नाही, त्या घरचे ते ढीग. सगळे पांगले की त्या घरची बाई यायची, पान उचलायची, पदराखाली मासोळी घेऊन निघून जायची. माझे मालक गेले तेव्हापासून मीही जात होते. मोठी मासोळी व्यापाऱ्याला जायची, तिच्या पैशांचाही असाच वाटा निघायचा. तेव्हा संस्थेचे सचिव दसरूभाऊ होते. ते स्वतः पानात गुंडाळून पैसे आणायचे, ओट्यावर ठेवायचे आणि "पाऊस येते वाटते" असं काहीतरी बोलून चालू पडायचे. भर उन्हाळ्यातही पाऊस येते वाटते म्हणायचे. गावात अशी आम्ही तीन घरं होतो. त्या वाट्याबद्दल कोणी बोलत नसे. न बोलणं हीच त्याची रीत होती.

जाळी विणून, दुरुस्त करून माझं घर कसंबसं चालतं. पण पोरगी भंडाऱ्याला नर्सिंग शिकते आहे. तिची फी मी त्या झाकल्या वाट्यातून बाजूला टाकायची. तो वाटा म्हणजे तिचं शिक्षण, असं सरळ होतं.

मग दसरूभाऊंचे हात कापायला लागले, दिसेनासं झालं. त्यांनी सचिवपद सोडलं. व्यापारी वजनात मारतो म्हणून भांडणं होती, वाट्यावरून होती. कोणी पद घेईना, तेव्हा काकी उभी राहिली आणि म्हणाली, "माणसाईले जमत नसन तं सांगा." सगळे गप्प बसले. म्हणजे जमत नव्हतं.

शालिकभाऊंनी नागपूरचा एक माणूस बोलावला. सगळ्यांच्या मोबाईलवर हिशोब दिसेल असं ॲप बनवून देतो म्हणाला. त्याची रक्कम ऐकून शालिकभाऊंनीच पाणी मागितलं. वर, पुढे काही बदलायचं असलं की दर वेळी वेगळे पैसे. काकी त्याला म्हणाली, "आमच्या इथं तं रोज काहीनाकाही बदलते. तुह्या घरावर सोन्याची कौलं चढन!"

त्याच सुमारास भंडाऱ्याला बचत गटाच्या बायांचं शिबिर झालं. तिथल्या मॅडमनी दाखवलं की आता एआयला आपल्या भाषेत सांगितलं तरी तो प्रोग्रॅम लिहून देतो. काकीने उभं राहून विचारलं, "शिव्या समजते का त्याले?"

मॅडम हसल्या. "समजतात."

"मंग जमन," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यावर बसून मोबाईलशी भांडायला लागली. मी भिंतीच्या अलीकडे जाळं विणायची आणि सगळं ऐकायची. त्या एआयला ती पावणा, म्हणजे पाहुणा, म्हणायची. "आयक पावण्या. आमी तलावात मच्छी पकडतो. मले हिशोब पायजे. ज्याले वाचता येत नाई त्याले बोलून सांगन, असा पायजे."

पावण्याने पहिल्यांदा जे बनवलं त्यावर निळा समुद्र आणि शिडाचं जहाज होतं. काकीचा आवाज चढला. "समुद्र कुठून आणला रे? आमी भंडाऱ्याच्या पुलावरून वैनगंगा पाहिली, तोच आमचा समुद्र!" मग त्याने सगळ्यांना महिन्याचा पगार लावला. "पगार नाई रे बाबू. वाटा, वाटा! मच्छी भेटली तं भेटली, नाई तं नाई." तो गोड आवाजात चूक कबूल करून माफी मागायचा. त्याचाच तिला जास्त राग. "माफी नोको मांगू. काम कर."

एकदा मी न राहवून विचारलं, "काकी, इतकं बारीक बारीक काय सांगता त्याला?"

ती म्हणाली, "पावणा आहे वो तो. हुशार आहे, पण पावणा. आपल्या घरी चूल कोण्या कोपऱ्यात आहे हे पावण्याले कसं मालूम? जेवढं सांगशीन तेवढंच त्याले दिसन."

हे तिचंच वाक्य. नंतर मला पुष्कळदा आठवलं.

हळूहळू जमलं. संस्थेच्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ते गेलं. आज किती मासोळी निघाली, व्यापाऱ्याने काय भाव दिला, तुझा वाटा किती, सगळं दिसायचं आणि बोट लावलं की बोलायचं. बँकेचे नंबर त्यात टाकू नका असं मॅडमनी बजावलं होतं, ते तिने पाळलं. पैसे ती बँकेत जाऊनच टाकायची.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. एका सकाळी पाळीवर व्यापाऱ्याची गाडी उभी होती, मासोळी काट्यावर होती, आणि काकी मोबाईलला म्हणाली, "कालच्या नोंदी चुकल्या, त्या पुसून टाक." पावण्याने आठवडाभराचं सगळं पुसलं. सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी शून्य. माणसं डोंग्यातून उतरून तिच्याभोवती गोळा झाली. शालिकभाऊ ओरडले, "म्हणून म्हणत होतो, नागपूरवाला पाह्यजे! आता आठ दिवसाची कमाई काय पाण्यात टाकाची?" कोणीतरी व्यापाऱ्यालाही म्हणालं की तुला बरंच झालं. मी जाळं घेऊन कडेला उभी होते. काकी पन्नीवरून बोट फिरवत राहिली, शून्याचं काही होईना. तिला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पण ती रडली नाही. डोंग्याच्या काठावर बसली आणि एकेकाला पुढे बोलावलं. "सांग, सोमवारी तुह्या जाळ्यात काय आलं? खोटं बोलजो नोको, बाजूचा आयकून राहिला." व्यापाऱ्याच्या खिशातून तिने त्याच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. दुपारपर्यंत सगळं परत भरलं. मग मोबाईल तोंडासमोर धरून म्हणाली, "आता आयक. याच्यानंतर काई पुसायच्या आधी नक्कल बाजूले ठेवजो. अन् मले इचारजो. दोनदा इचारजो." तेव्हापासून ते ॲप प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतं. नक्की का? नक्की का? माणसं वैतागतात, पण कोणी बदलू देत नाही.

मला ती नंतर म्हणाली, "चूक त्याची नाई वो. पावण्याले म्हटलं घर झाड, त्यानं मडकेबी फेकले."

त्या हंगामात सगळी मासोळी काट्यावर जायला लागली. लहानही, मोठीही. पाळीवर ढीग लागेनासे झाले. ढीगच नाहीत तर पाठमोरं कोण उभं राहणार आणि पान कशावर झाकणार? मी सवयीने पाण्याच्या बाजूला जाऊन बघायची. ओली माती असायची, बस. पहिल्यांदा पैसे वाटले गेले तेव्हा मी ओटा सारवून ठेवला. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. काकी भिंतीपलीकडे रोज पावण्याला आकडे सांगायची आणि मला प्रत्येक आकडा ऐकू यायचा. कोणाला किती गेले, सगळं. त्यात मी नव्हते.

मला वाटलं, संस्थेने ठरवून बंद केलं. मालकाला जाऊन पुष्कळ दिवस झाले, आता पुरे, असं ठरलं असेल. किंवा माझंच काही चुकलं असेल. कोणाला विचारू? तो वाटा मागायचा नसतो. माझी सासू सांगायची, मागून घेतला तर तो वाटा राहत नाही. कॉलेजमधून फीसाठी फोन आला. मी दोन्ही बकऱ्या विकल्या आणि अर्धी भरली. पोरगी म्हणाली, "आई, मी यंदा घरी राहू का?" तिला मी नाही म्हटलं, पण बाकीची अर्धी कुठून आणायची ते मला माहीत नव्हतं. काकीशी कितीदा बोलावंसं वाटलं. ती हाक मारायची, "काहून वो ललिता, तोंड सुकून गेलं?" मी म्हणायची, "ऊन आहे ना." एवढंच.

उन्हाळ्यात संस्थेची वर्षाची सभा भरली, समाज मंदिरात. माणसं पुढे, आम्ही बाया मागे. काकी उभी राहिली आणि सगळा हिशोब वाचून दाखवला. "एक रुपया इकडचा तिकडे नाई. पाहून घ्या." माणसं खूश होती. तिथेच ती थांबली असती तर. पण ती कशी थांबेल? म्हणाली, "आता दुसरं आयका. मी पावण्याले मागच्या सालाचेबी आकडे देले. दसरूभाऊच्या वेळचे."

दसरूभाऊ खांबाला टेकून बसले होते.

"भाऊ," काकी म्हणाली, "विक्री एवढी, वाटे एवढे. दरसाली तीन वाट्याचे पैसे कमी पडून राहिले. एखाद्या साली नाई, दरसाली. कुठं गेले?"

"गेले," दसरूभाऊ म्हणाले.

"कुठं?"

"जिथं जायाचे तिथं."

"हे काई उत्तर नाई झालं, भाऊ."

शालिकभाऊ म्हणाले, "सांगून टाका ना. नाईतर लोक म्हणन, सचिवानं खाल्ले."

"खाल्लेच असन," माणसांमधून एक जण बोलला आणि दोघं-चौघं हसले.

दसरूभाऊंनी आपले तळहात उघडून पाहिले. म्हणाले, "म्या खाल्ले नाई. अन् सांगनारबी नाई."

त्या क्षणी मला सगळं समजलं. माझा वाटा कोणी बंद केला नव्हता. पावण्याला तो कोणी सांगितलाच नव्हता. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांनी स्वतःच्या हाताने ढिगावर पानं झाकली होती. त्यांना माहीत असणारच. पण सगळे सतरंजीकडे बघत होते. ते वाईट नव्हते. तोंड उघडायचं म्हणजे भर सभेत आम्हा तिघींची नावं घ्यायची. ते त्यांच्याने होत नव्हतं, दसरूभाऊंच्यानेही होत नव्हतं. चोर म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटलं.

काकी म्हणाली, "पैसा संस्थेचा आहे. नाई सांगितलं तं तक्रार करा लागन, भाऊ. मंग मले बोल नोको लावू."

मी उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही. सतरंजी पायात अडकली, पुढच्या बाईने वळून पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं.

"ते पैसे माह्या घरी आले."

"काय म्हटलं?" काकी म्हणाली.

"दसरूभाऊ आणून देत होते. पानात. झाकला वाटा होता तो." मला थांबायचं होतं, पण पुढचंही निघून गेलं. "यंदा नाई आला."

दसरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, तू काहून बोलली?" त्यांच्या आवाजात राग होता. मी त्यांना सोडवलं असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मी उघडलं होतं.

काकीने चष्मा काढला. निळा दोरा कानात अडकला, तो सोडवत बसली. मग मोबाईल मांडीवर पालथा ठेवून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा ठेवला.

"मले मालूम होतं वो," ती म्हणाली. "पानाखालचा ढीग मी जनमभर नाई पाहिला का? मालूम होतं म्हणूनच सांगितला नाई, अन् कमी पडलेले पैसे त्याचेच, हे सभेत ध्यानातच आलं नाई. घरात जे कोणाले सांगा लागत नाई, ते पावण्याले सांगायचं राहून गेलं." मग पन्नीतला मोबाईल माझ्या मांडीवर टाकला. "आता तू सांग त्याले."

"मी?"

"मंग कोण? मी सांगीन तं पुन्हा माह्याच डोक्यातलं सांगीन."

"काकी, मी चौथी शिकली."

"तो शाळेचा दाखला मांगत नाई. बोल."

मी पन्नीला तोंड लावून हळूच बोलायला लागले. "मोठ्यानं बोल, पाप करून राहिली का?" काकी म्हणाली. मी सांगितलं. ढीग सांगितले, पान सांगितलं, दसरूभाऊ सांगितले. थोडा वेळ गेला आणि पावण्याने विचारलं, हा वाटा किती काळापर्यंत द्यायचा आहे?

गावात हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. काकी बोलायला गेली आणि थांबली. माझ्याकडे हात केला.

मी म्हटलं, "घरातलं कोणी कमावतं होईपर्यंत. अन् कमावणारं कोणीच नसन, तं ती बाई आहे तोवर."

"लिव रे," काकी म्हणाली.

त्याने बनवून दाखवलं. वर जाड अक्षरात 'लाभार्थी' आणि खाली आमची तिघींची नावं. माझं सगळ्यांत वर. खाली विचारलं होतं, सर्व सदस्यांना पाठवायचं का? नक्की का?

"लाभार्थी कोणाले म्हणते रे!" काकी ओरडली. "थांब!" घाईघाईत तिचं बोट पन्नीवरून घसरलं आणि दुसऱ्यांदा आलं, नक्की का? आणखी एकदा बोट लागलं असतं तर आमची नावं गावभर गेली असती. मी तिच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. काकीच्या हातातून काही ओढून घ्यायची कोणाची छाती नव्हती. मी म्हटलं, "नाही. पाठवू नको. नाव कोणाचंच नको. नावाच्या जागी पान ठेव, पळसाचं. सचिवाशिवाय कोणाला दिसायला नको. आणि हे वाटे सगळ्यांच्या आधी काढायचे, मग बाकीचा हिशोब."

काही वेळाने नावं गेली. तीन हिरवी पानं आली. पळसाची नव्हती, आंब्याच्या पानासारखी लांबट होती. काकीने चष्मा नाकावर चढवून पाहिलं आणि म्हणाली, "चालते. त्यानं पळस पाहिला नसन."

आता त्या हंगामाचे राहिलेले पैसे. ते तर सगळ्यांमध्ये वाटले गेले होते. पुन्हा सभा झाली. शालिकभाऊ म्हणाले, "सगळ्याईची चूक आहे. पण आता घराघरातून परत मांगाचं म्हणजे डोकी फुटन." कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या, पुढच्या सालापासून देऊ.

"सगळ्याईची चूक म्हणजे कोणाचीच नाई," काकी म्हणाली. "माह्या हातून राहिलं. मी भरीन."

नामदेवकाका तेव्हा बोलले. "भरू आपण." त्यांचं सभेतलं तेवढंच बोलणं मला आठवतं.

त्याआधी ती दसरूभाऊंच्या घरी जाऊन आली होती. सोबत साफ केलेली मोठी मरळ. मी पाठोपाठ त्यांचं जाळं द्यायला गेले म्हणून मला दिसलं. ती माफी मागेल असं मला वाटलं होतं. ती त्यांच्या बायकोला म्हणाली, "मीठ कमी टाकजो, भाऊले बीपी आहे." आणि अंगणात तशीच उभी राहिली, पदराने हात पुसत. चांगलं कडक ऊन होतं. दसरूभाऊ बाजेवरून आभाळाकडे बघत म्हणाले, "पाऊस येते वाटते."

काकी म्हणाली, "हाव भाऊ. येते." आणि भरभर निघून आली.

पैसे ती मोहाडीच्या बाजारातून फेडायला लागली. बाजाराच्या दिवशी परत आली की पानात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवायची आणि न थांबता जायची. बाकीच्या दोन घरांचं आधी केलं, माझं शेवटी. "तू शेजारी. तू कुठं पळून चालली?" त्या पैशांनी मी पोरीची उरलेली अर्धी फी भरली. तोवर काकीला खोकला लागला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर. एकदा मी म्हटलं, "काकी, राहू द्या आता. नवीन वाटा तर येते आहे." तिने मला असं पाहिलं की मी पुन्हा बोलले नाही.

त्या दिवसांत तिच्याकडे बाया यायला लागल्या होत्या. कारध्याची एक भाजीवाली आली, तिला उधारीचा हिशोब बोलून सांगणारं काहीतरी पाहिजे होतं. कोणी भातगिरणीवरून आली. काकी कोणाला बनवून देत नसे. मोबाईल त्यांच्याच हातात द्यायची आणि खेकसायची, "मले काय सांगते, त्याले सांग. अन् जे सांगायची गरज नाई वाटते, ते आधी सांग." मीही एक लहानसं बनवलं आहे. केवढ्या जाळ्याला किती दोरा लागेल, ते सांगणारं. अजून कोणाला दाखवलं नाही.

तिला मी शेवटची नीट पाहिली ती मिरगाच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी. त्यानंतर ती दवाखान्यातच होती. त्या दिवशी पाटी रिकामी होती, चेहरा उतरलेला. ओट्यावर पान ठेवलं, पण या वेळी गेली नाही. दम खात बसली.

"मोज," ती म्हणाली.

"मी कधी मोजत नाही, काकी."

"आज मोज. माह्या समोर."

मी पान उघडलं आणि मोजले. मासोळीचा वास होता नोटांना. मोजून होईपर्यंत ती माझ्या बोटांकडे बघत होती. मग तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर फक्त हिरवं पान होतं आणि खाली विचारलं होतं, मागील बाकी पूर्ण मिळाली का?

मी बोट लावलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की का? मी पुन्हा लावलं.

काकीने पन्नीला गाठ मारली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. तिचं घर इकडे, पण ती तलावाकडे गेली, काकांना बोलवायला असेल. गल्लीच्या वळणावर थांबली. मागे वळली नाही. आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली,

"ललिता! पुरे आले ना वो?"

आजूबाजूच्या दारांत बाया होत्या. सगळ्यांना ऐकू जाणार होतं. मी ओट्यावर उभी राहिले आणि जोरात म्हटलं, "हाव काकी! पुरे आले!"